निरोगी गटातली नळी

खालच्या ओळीतला तो एकच खळगा पिवळाधमक झाला, तेव्हा अलुमिताला आधी वाटलं, आपल्याच हातून काहीतरी सांडलं.

प्लास्टिकच्या पसरट प्लेटमध्ये मसुरीची डाळ मावेल एवढे खळगे, प्रत्येकात कुणाच्या तरी रक्तातलं पाणी. टीम ज्याला नुसतं ‘खूण’ म्हणायची ते प्रथिन रक्तात जितकं जास्त, तितका रंग गडद. वरच्या ओळी स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशंटांच्या, त्या रंगल्या ते ठीकच होतं. मधल्या ओळी नव्याने मधुमेह झालेल्यांच्या. त्यातलं कोण नुसत्या साखरेचं आणि कुणाच्या साखरेमागे कॅन्सर दबा धरून बसलाय, हेच तर शोधायचं होतं. सगळ्यात खालची ओळ निरोगी माणसांची. ती पाण्यासारखी फिकी राहायला हवी होती.

तिने नवी प्लेट घेतली, त्या खळग्याच्या नळीतलं पाणी पुन्हा दोन खळग्यांत घातलं आणि वाट बघत बसली. दोन्ही खळगे पिवळे झाले. शेजारचे सगळे फिके. मग तिने नळी उजेडात धरून चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘टीम’.



या चिठ्ठीच्या पाच नळ्या होत्या, आणि त्या कशा आल्या ते तिला लख्ख आठवत होतं. ईस्टरच्या आधी टीमचे पाचहीजण सुवाहून नदीच्या वरच्या अंगाला एका गावात गेले होते. सभागृहात चटयांवर सगळं गाव जमलं होतं. यंगोनाची, मुळांच्या त्या कडवट पेयाची, वाटी फिरून झाली, तेव्हा गावप्रमुखाच्या वतीने बोलणारा म्हातारा शांतपणे म्हणाला, “आमच्याकडे एकाच वाटीतून पाहुणाही पितो आणि आम्हीही पितो. रक्ताचं तसंच असू दे. आधी तुमचं काढा, मग आमचं.” त्यावर नाही म्हणायची सोयच नव्हती. पाचही जणांनी बाह्या वर केल्या, गावाने पोकळ तळहातांच्या घुमणाऱ्या टाळ्या दिल्या, आणि मग रांग लागली ती संध्याकाळपर्यंत. त्यांच्या पाच नळ्यांवर नावं घातली नाहीत. एकत्र काम करणाऱ्यांनी एकमेकांच्या रक्तात डोकावू नये म्हणून तसंच ठरलं. परत आल्यावर त्या सरळ निरोगी गटात गेल्या. गावातल्या माणसांना त्या गटात घेण्याआधी चार तपासण्या केल्या होत्या. टीमला कुणी एक प्रश्नही विचारला नव्हता. आपण तर तपासणारे!

आता त्या पाचांतल्या एकाच्या रक्तात ती खूण होती.

‘माझी आहे,’ अलुमिताच्या मनात आलं. आलं ते जाईना. वासितीच्या वेळी सातव्या महिन्यात तिची साखर चढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली असं डॉक्टर म्हणाले, पण नंतर तिने कधी तपासली होती? वासिती आता चालायला लागली होती, अजून अंगावर पीत होती, आणि अलुमिताचे जुने स्कर्ट कमरेवरून घसरत होते. सासू म्हणायची, लेकरू तुला शोषून घेतंय. पाठही दुखायची. कडेवर मूल असलं की पाठ दुखणारच. पण दुसऱ्या कशानेही दुखते, हे तिला कामामुळेच ठाऊक होतं.

आणि ईस्टरला किती काळ लोटला होता! ज्या कुणाचं ते रक्त होतं, त्याच्या पोटात तेव्हापासून ते वाढत होतं.

नळी टाकून देता आली असती. ‘नमुना खराब’ एवढं म्हटलं की काम भागलं असतं. तिने कचऱ्याच्या पिवळ्या डब्याकडे पाहिलं, आणि आपण पाहिलं याचीच तिला भीती वाटली. नळी परत बर्फात ठेवून ती अवनीलच्या खोलीत गेली.

अवनील टीमचा आकडेवाला. त्याच्या पणज्याला उसाच्या मळ्यांवर आणलं होतं, आणि पणतू आता आकड्यांची तोडणी करतो असं तो स्वतःच सांगायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“एक नळी वेडीवाकडी निघाली. बाजूला काढू. एकीने माझ्या आकड्यांना काही होत नाही.”

“ती कुणाची तरी आहे ना, अवनील.”

“कुणाचीच नाही. नावंच नाहीत. शुक्रवारी पैसे देणारे ब्रिस्बेनचे लोक निकाल मागणार, आणि तू मला भुतं दाखवतेस.”

“आणि ते भूत तुझं असलं तर?”

त्याचा हात नकळत पोटावर गेला. “माझं कसं असेल? या रोगात माणूस वाळतो. मला बघ! दर दिवाळीला शर्टाचा नंबर वाढतो.” मग त्याचं लक्ष तिच्या कमरेला पिनने आवळलेल्या स्कर्टकडे गेलं, आणि तो पटकन पडद्याकडे बघू लागला. तिने पिनवरून कोट ओढून घेतला.

टीमचे प्रमुख डॉ. इलाइतिया. जन्म साखरेच्या पेशंटांत गेलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्यांनीही मान हलवली.

“ही खूण अजून सिद्ध झालेली नाही, अलुमिता. ती खोटी बोलते की खरी, तेच आपण तपासतोय. तिच्या भरवशावर पाच माणसांची झोप उडवू?”

“गावातल्या कुणा बाईचा खळगा असा रंगला असता, तर काय केलं असतं, डॉक्टर?”

“तिला बोलावून पुन्हा तपासलं असतं.”

“तसं तुम्ही चटईवर बसून कबूल केलं होतं. मी ऐकलंय.”

“त्यांचं वेगळं. त्यांची नावं आहेत.” ते खुर्चीतून उठले, म्हणजे बोलणं संपलं. “आज हे पाचांत पसरलं, तर उद्या टीम राहणार नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसेल.”

पण ते तर सुरू झालंच होतं. चहाच्या वेळी अलुमिता एकेकाचा चेहरा चाचपत होती. अवनीलचे डोळे पिवळसर दिसतात का? आहारतज्ज्ञ फातियाकी, रोटुमा बेटाचा, सहा फुटी, बाबाकाऊचा, त्या तळलेल्या पावाचा, एवढासाच तुकडा का मोडतोय? सिस्टर मेरेसेइनी नेहमीप्रमाणे किटली घेऊन सगळ्यांच्या डोक्यावर उभी. तिला सगळे ‘नेई’ म्हणायचे, मावशी. गावोगाव रक्त काढणारी तीच. तिच्या हाताने सुई टोचली तर दुखत नाही, असं नदीकाठची पोरं सांगायची.

“काय गं, कुणाच्या मयताला आलीस?” मेरेसेइनीने तिच्यापुढे कप आदळला. “अवनील तोंड लपवतोय, डॉक्टर खिडकीबाहेर बघतायत. बोला कोणीतरी!”

डॉक्टरांनी नजरेने अलुमिताला गप्प राहायला सांगितलं. तिने कप उचलला. न पिताच खाली ठेवला.

“टीमच्या पाच नळ्यांतली एक रंगलीय, नेई,” ती म्हणाली. “दोनदा करून पाहिली. कुणाची ते कळत नाही.”

 फातियाकीने हातातला तुकडा खाली ठेवला.

“मग त्यात काय एवढं?” मेरेसेइनी म्हणाली. “पुन्हा काढू पाचांचं. या वेळी नावं घालून. उद्या सकाळी, उपाशी पोटी.”

“मी परवानगी देणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “कुणाला जाणून घ्यायचं नसेल तर? प्रमुखाने सांगितलं म्हणून हात पुढे करायचा, ही जबरदस्ती झाली.”

“मग प्रमुखाने आधी पुढे करावा.”

“मेरेसेइनी—”

“सिस्टर म्हणून नाही बोलत मी आता.” तिने किटली खाली ठेवली आणि दोन्ही हात कमरेवर घेतले. अवनीलने हळूच खुर्ची मागे सरकवली. तिची नि डॉक्टरांची गावं एकमेकांची तौवू होती. एका जुन्या देवाची लेकरं. अशा दोघांना एकमेकांची वाटेल तशी टर उडवायची मुभा, आणि एकाने मागितलं तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. एरवी अदबीने ‘डॉक्टर, डॉक्टर’ करणारी मेरेसेइनी अशा वेळी अरेतुरेवर यायची. “तुमच्या बेटावरची सगळीच माणसं सुईला भितात का रे? का तुझ्या अंगात रक्तच नाही, नुसतं नारळाचं पाणी?”

“ही चेष्टेची वेळ नाही.”

“चेष्टा कोण करतंय? गेल्या नाताळात तू माझ्या भावाचं सगळ्यात लठ्ठ डुक्कर दोरी सोडून घेऊन गेलास. आम्ही चकार शब्द काढला? उलट मागून दालोच्या कंदांची टोपली पाठवली. आता मी मागते, तौवू. मला डुक्कर नको. तुझ्या दंडातली एक नळी दे.”

डॉक्टर हसले नाहीत. शेवटी म्हणाले, “ज्याला द्यायचं नाही त्याने देऊ नये. मी देईन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण आले. कुणीच मागे राहिलं नाही. अलुमिता रात्रभर कूस बदलत होती. पहाटे वासितीला पाजताना तिच्या मनात नको ते हिशेब आले, हिला वरचं दूध कधी सुरू करावं, आपल्या मागे ही कुणाकडे वाढेल. निघताना पोरीने तिची वेणी घट्ट धरली, आणि एरवी हसून सोडवणारी अलुमिता तशीच उभी राहिली. सासूने बोटं एकेक करून सोडवली.

आधी बोटाला टोचून साखर पाहायची, मग नळी भरायची असं ठरलं. फातियाकी पहिला बसला. “जपून. रोटुमाचं रक्त आहे, यंत्र लाजेल,” तो म्हणाला, पण आवाज कोरडा. साखर बरोबर निघाली. अवनीलचीही. अलुमिताने बोट पुढे केलं तेव्हा ते गार पडलं होतं. यंत्राने आकडा दाखवायला वेळ घेतला. साखर बरोबर.

डॉक्टर बसले. आकडा आला तशी मेरेसेइनीची भुवई वर गेली. तिने यंत्र त्यांच्याकडे वळवलं.

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “पाच वर्षं गोळ्या घेतोय. आज घेतली नाही.”

कुणाला विश्वासच बसेना. साऱ्या बेटांना साखर तपासा म्हणून सांगत फिरणारा माणूस!

“बायकोला ठाऊक आहे?” मेरेसेइनीने विचारलं.

“नाही. गाडीत ठेवतो गोळ्या.” ते हातातल्या कापसाकडे बघत होते. “गावात बसून काय सांगणार होतो? ज्याला स्वतःलाच झालंय त्याचं कोण ऐकतं?”

“अरे गाढवा,” मेरेसेइनी इतक्या मऊ आवाजात म्हणाली की ती शिवी वाटलीच नाही. “त्याचंच तर ऐकतात.”

खोलीतली हवा सैल झाली. अवनीलने खांदे खाली सोडले, फातियाकी घसा खाकरून उठला. सगळ्यांना जणू उत्तर सापडलं होतं, आणि ते आपलं नव्हतं. अलुमितालाही क्षणभर तसंच वाटलं. पण जुनी साखर ही वेगळी गोष्ट आणि ती खूण वेगळी. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. खूण अजून पाचांतल्या कुणाचीही असू शकत होती, म्हणूनच ते सुटल्यासारखे दिसत नव्हते.

“आता माझं काढ,” मेरेसेइनी अलुमितासमोर बसली. “हात लटपटला तर कानाखाली देईन हं.”

अलुमिताने तिचा हात हातात घेतला. लग्नाची अंगठी सैल पडू नये म्हणून आतून दोरा गुंडाळला होता. दोरा नवा होता, पांढरा. अलुमिताने मान वर केली. मेरेसेइनी दाराकडे बघत होती. साखर निघाली जराशी वर, घाबरावं अशी नाही.

“येताना बेकरीवरून आले,” मेरेसेइनी म्हणाली. “नुसत्या वासाने चढली असेल.”

“उपाशी आहात ना, नेई?”

“हल्ली भूकच कुठे लागते मेली,” ती म्हणाली आणि दंड पुढे केला.

पाच नळ्यांवर अलुमिताने स्वतः नावं लिहिली. रक्त फिरवलं, वरचं पाणी वेगळं केलं, खळग्यांत थेंब सोडले. प्रत्येकाचे दोन. कोपर टेबलावर टेकवलं. फोन वाजला. सासू होती, वासिती रडतेय, येतेस का. “आत्ता नाही येता येणार,” ती म्हणाली. पलीकडून पोरीचा टाहो ऐकू आला, आणि तिच्या ब्लाउजला दुधाची ओल फुटली. तिने वरून कोट आवळला आणि प्लेटजवळ बसली.

शेवटचं द्रव्य घातलं की रंग हळूहळू येतो. आधी पेशंटचा खळगा रंगला, तुलनेसाठी ठेवलेला. मग काहीच नाही. तिची नजर स्वतःच्या दोन खळग्यांवरून हलेना. ते पाण्यासारखे होते. थोडं थांबली. तरी पाण्यासारखेच. आणखी थांबली.

फिके.

 आतून एक हसू उसळलं, अगदी उघडं, निर्लज्ज हसू. वासिती, वासिती, एवढंच तिच्या डोक्यात वाजत होतं. तिला उठून गिरकी घ्यावीशी वाटली. मग तिची नजर पुढे सरकली. अवनील फिका. फातियाकी फिका. डॉक्टर फिके. आणि शेवटच्या दोन खळग्यांत, तिच्या ओठांवरचं हसू अजून पुसलंही नव्हतं तेव्हाच, पिवळा रंग दाटत होता.



हे आपणच सांगायचं, डॉक्टरांमार्फत नाही, एवढं तिने उठता उठता ठरवलं. मेरेसेइनी मागच्या खोलीत फोनवर कुणाला तरी झापत होती. पुढच्या गावाला होडी पाठवायची होती, आणि होडीवाला दारू पिऊन पडला होता.

“नेई, जरा बसता?”

मेरेसेइनीने फोन ठेवला. “तुझा चेहरा बघून बसावंच लागणार.” ती बसली. “माझं आहे का?”

“हो.”

“दोन्ही खळगे?”

“दोन्ही.”

“आणि तौवूचे?”

“फिके.”

“बघ,” मेरेसेइनी म्हणाली. “त्या माणसाला धड आजारीसुद्धा पडता येत नाही.” ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा एकाएकी मोडला. तिने अलुमिताचं मनगट धरलं. कोटाची बाही गोळा झाली. “आता नीट सांग. खोटं नको.”

“खूण चुकतेही, नेई. अजून सिद्ध नाही झाली. पण तुमची साखर नवीन आहे. अंगठीला दोरा आहे. भूक नाही म्हणालात. स्कॅन करायलाच हवं, आणि आजच.”

“दोरा पाहिलास तू?”

“हो.”

“मला वाटलं, समुद्रकाठी चालतेय त्याने उतरतंय वजन. मी तर खुशीत होते.” तिने अंगठी बोटावर फिरवली. “सगळ्यांना दाखवत होते कंबर.”

डॉक्टर इलाइतियांनी काही विचारलं नाही. अलुमिताचं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून उचलेपर्यंत उभेच राहिले. स्कॅनच्या खोलीबाहेर त्या दुपारी चौघंही बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तपासणारी डॉक्टर बाहेर आली आणि इलाइतियांशी हळू आवाजात बोलू लागली, तेव्हा आतून मेरेसेइनीचा आवाज आला, “पोट माझं आहे! मला सांगा आधी!”

स्वादुपिंडाच्या शेपटाकडे एक गाठ होती. लहान. अजून कुठे पसरलेली दिसत नव्हती. काढता येईल, सर्जन म्हणाला, पण वेळ घालवू नका. ऑकलंडला जावं लागेल. अशी गाठ बहुतेकांना दुखायला लागल्यावर सापडते, आणि तेव्हा आमच्या हातात काही उरलेलं नसतं, हेही तो म्हणाला.

शुक्रवारी पडद्यावर ब्रिस्बेनची माणसं दिसू लागली. अवनीलने टीमच्या पाचही नळ्या बाद केल्या होत्या. तो म्हणाला, “ज्यांना आम्ही निरोगी धरलं त्यांना आम्ही तपासलंच नव्हतं. ही चूक आमची.” त्याने खोलीत कुणाकडे पाहिलं नाही. डॉक्टर इलाइतिया म्हणाले, “त्यातला एक मधुमेही मी होतो.”  रंगलेल्या नळीचं काय झालं ते पडद्यावरच्या प्रमुख बाईंनी विचारलं, आणि ते ऐकून त्यांचे डोळे चमकले. “पण हे तर विलक्षण आहे! म्हणजे तुमच्या खुणेने दुखणं सुरू व्हायच्या आत पकडलं!”

सुवाच्या त्या खोलीत कुणाचंही तोंड उजळलं नाही. हे काम खरं ठरावं म्हणून अलुमिताने किती दिवस देव पाण्यात घातले होते. आता ते खरं ठरलं होतं, आणि तिला त्या बाईंचा राग आला. मग तिला आठवलं, प्लेटसमोर आपणही हसलो होतो. तिने मान खाली घातली.

निघायच्या आदल्या दिवशी मेरेसेइनी प्रयोगशाळेत आली. कपाट आवरायला, असं म्हणाली, पण काही आवरलं नाही. अलुमिताने वासितीला बरोबर आणलं होतं. पोरगी मेरेसेइनीच्या मांडीवर चढून तिच्या नाकात बोट घालू लागली.

“हिचं रक्त मात्र काढू नकोस हं इतक्यात,” मेरेसेइनी म्हणाली. मग पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून, अलुमिताकडे न बघता: “मी परत आले की माझं पुन्हा काढशील. त्यांनी गाठ काढली तर खळगा फिका पडायला हवा. पडेल ना?”

“पडायला हवा.”

“आणि नाही पडला तर?”

डॉक्टर असते तर म्हणाले असते, तेव्हाचं तेव्हा बघू. फातियाकी म्हणाला असता, असं बोलू नये. अलुमिताने खुर्ची जवळ ओढली.

“तरी मीच येऊन सांगेन, नेई. त्याच दिवशी.”

मेरेसेइनीने मान डोलावली. “तेवढंच विचारायला आले होते,” ती म्हणाली. “बाकीचे सगळे आता माझ्याशी गोड बोलायला लागतील. तो तौवूसुद्धा. काल मला म्हणाला, मेरेसेइनी, तुम्ही बसा. तुम्ही! अंगावर काटा आला माझ्या.”

वासितीने तिची वेणी मुठीत पकडली. मेरेसेइनीने ती सोडवून घेतली नाही. तशीच वाकून, मान वाकडी करून ती पोरीला घेऊन बसून राहिली.